बटण टायर घ्यावेत का? पावसाळ्याआधीचा टायरचा हिशेब

मे महिना सरत आला की लालबाग-परळच्या टायरवाल्यांकडे एक प्रश्न हमखास येतो. "पावसासाठी बटण टायर टाकून घेऊ का?" विचारणारा बहुतेक वेळा दुचाकीवाला असतो. मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांचा तो दणकट टायर पाहिला की ओल्या रस्त्यावर तो घट्ट रोवून उभा राहील असं वाटतंच. चारचाकीवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. त्यांना 'पावसाळी' म्हणून विकला जाणारा महागडा टायर हवा असतो, नाहीतर कंपनीने दिलेल्यापेक्षा एक नंबर रुंद टायर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. गिरगाव, दादर, परळ, लालबाग आणि फोर्ट एवढ्यातच गाडी फिरणार असेल तर बटण टायरवर एक रुपयाही घालू नका. साधा, रस्त्यासाठी बनवलेला, खोल नक्षीचा, फार जुना न झालेला आणि योग्य हवा भरलेला टायर मुंबईच्या पावसाला पुरतो. पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे आणि कुठल्या पाण्यात कोणताच टायर कामाला येत नाही, ते पुढे पाहू.

ठोकळे कुठे उपयोगी पडतात

बटण टायर चिखलासाठी असतो. मऊ जमिनीत त्याचे ठोकळे रुततात, मातीला मागे रेटतात, आणि मधल्या रुंद फटींतून चिखल गळून पडतो. रुतायला जमीन मऊ असावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोडचं काँक्रीट कितीही भिजलं तरी मऊ होत नाही. तिथे ठोकळ्यांचे फक्त माथे रस्त्याला टेकतात आणि मधली जागा रिकामीच राहते. म्हणजे रस्त्याला लागणारं रबर साध्या टायरपेक्षा कमी. त्यात जोरात ब्रेक दाबला की उंच ठोकळे वाकतात, आणि वळणावर गाडी डुलल्यासारखी वाटते. आवाज वाढतो, पेट्रोल जास्त लागतं आणि टायर झिजतोही लवकर.

गावच्या घरापर्यंतचा शेवटचा रस्ता मातीचा असेल आणि पावसाळ्यात तिथे वरचेवर जाणं होत असेल, तर गोष्ट वेगळी. पण वर्षातून चार दिवसांच्या चिखलासाठी उरलेलं वर्षभर काँक्रीटवर कमी पकड घेऊन फिरायचं का, याचा विचार आधी करा.

थंड देशांत हाच वाद खिळे मारलेल्या टायरांवरून झाला आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथे हिवाळ्यात टायरला कठीण धातूचे बारीक खिळे बसवतात. गोठून काचेसारख्या झालेल्या बर्फावर ते खरोखर रुततात आणि गाडी थांबवतात. पण बर्फ नसलेल्या रस्त्यावर तेच खिळे डांबर खरवडतात आणि बारीक धूळ उडवतात. जर्मनीने १९७५ पासून असे टायर बंद केले. जपानच्या उत्तरेकडच्या शहरांत या धुळीने इतका त्रास झाला की १९९० मध्ये तिथे त्यासाठी खास कायदा आला. टायर ज्या पृष्ठभागासाठी बनवलेला असतो तिथेच तो शहाणा, हा धडा तिथल्या बर्फाला लागू आहे तसा आपल्या काँक्रीटलाही.

ओल्या रस्त्यावर नेमकं काय होतं

पावसात गाडी दोन वेगळ्या कारणांनी घसरते, आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं कारण पातळ ओलाव्याचं. आठ महिन्यांत रस्त्यावर इंजिनचं तेल, डिझेलचे थेंब, टायरचा भुगा आणि धूळ साचलेली असते. जूनच्या पहिल्या सरींत ती भिजते आणि रस्त्यावर निसरडा थर तयार होतो. चांगला जोरदार पाऊस पडून रस्ता धुतला जाईपर्यंत हा थर राहतो. म्हणून मुसळधार पावसापेक्षा पहिली अर्धवट सर दुचाकीवाल्याला जास्त धोक्याची. सिग्नलच्या अलीकडे, बसस्टॉपसमोर आणि पेट्रोलपंपाच्या तोंडाशी, म्हणजे गाड्या जिथे थांबतात तिथे, तेल सगळ्यात जास्त सांडलेलं असतं.

ओल्या रस्त्यावर पकड किती कमी होते याचा अंदाज साध्या गणिताने येतो. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरा आणि ओल्यावर ०.४. ताशी ४० किलोमीटर वेगाने चालणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्यात साधारण ९ मीटरवर थांबते, ओल्यात जवळजवळ १६ मीटरवर. समोरचं दिसून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला तर त्यात आणखी ११ मीटर मिळवा. वेग ६० केला की नुसत्या ब्रेकचंच अंतर कोरड्यात २० मीटर आणि ओल्यात ३५ मीटर होतं. हा फरक १५ मीटरचा आहे, म्हणजे बेस्टच्या नेहमीच्या बसच्या लांबीपेक्षाही जास्त. टायर कोणताही घ्या, वेग ६० वरून ४० वर आणल्याने जेवढं अंतर वाचतं तेवढं महागड्या टायरनेही वाचत नाही.

दुसरं कारण साचलेल्या पाण्याचं. वेग वाढला की टायरच्या खाचांना पाणी बाहेर फेकायला वेळ पुरत नाही. टायरच्या पुढ्यात पाण्याची पाचर तयार होते आणि चाक पाण्यावर चढून तरंगू लागतं. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकला प्रतिसाद मिळत नाही. हिंदमात्याला २० च्या वेगाने जाताना हे होत नाही. हा धोका कोस्टल रोडवर, पूर्व मुक्त मार्गावर, अटल सेतूवर आणि पुण्याच्या द्रुतगती मार्गावर, म्हणजे चारचाकीवाल्यांना. या चारही रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे. गाडी तरंगल्यासारखी वाटली तर ब्रेकवर जोर देऊ नका आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. एक्सलरेटरवरचा पाय हळूच काढा, चाकं रस्त्याला टेकेपर्यंत गाडी सरळ धरा.

"पावसात हवा थोडी कमी ठेवा"

हा सल्ला मुंबईत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. हवा कमी केली की टायर पसरतो आणि जास्त रबर रस्त्याला लागतं, असं त्यामागचं तर्कट. हा सल्ला मानू नका.

१९६० च्या दशकात नासाच्या अभियंत्यांनी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून एक सोपं सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पौंडांत) वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणलं की टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. ३३ पौंड हवा असेल तर तो वेग येतो ताशी सुमारे ९६ किलोमीटर. हवा २४ वर आणली की तोच वेग ८२ च्या आसपास येतो. मोटारीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. नक्षी झिजलेली असेल आणि पाणी खोल असेल तर त्याआधीही गाडी तरंगते. पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी केली की टायर मधोमध आत दबतो, खाचा मिटतात आणि पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. हवा जास्त भरली तर टायर फुगून मधल्या पट्ट्यावरच चालतो, तेही बरं नाही.

कंपनीने सांगितलेला आकडा पाळा. चारचाकीत तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला असतो. दुचाकीत तो चेनच्या झाकणावर किंवा सीटखाली असतो, आणि मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. बाजूवर छापलेला 'कमाल' दाब हा भरायचा आकडा नव्हे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आठवड्यातून एकदा, पंपावर रांग नसताना. पंपावरचा मीटर नेहमीच खरा सांगतो असं नाही, म्हणून खिशात मावणारा साधा प्रेशर गेज स्वतःचा घ्या. पावसाळ्याच्या खरेदीतली ती सगळ्यात फायद्याची वस्तू.

आणि नायट्रोजन? भरायला हरकत नाही, पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर आठवड्याला हवा तपासणाऱ्याला त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचं कारण नाही.

नक्षी मोजा, अंदाज बांधू नका

"टायर अजून चालेल" हे वाक्य टायरवालाही म्हणतो आणि गाडीवालाही. मोजून बघायला दोन मिनिटं लागतात. घरातली काडेपेटीची एक काडी घ्या. गुल खाली करून ती टायरच्या मुख्य खाचेत उभी धरा. काडी जिथे रबराच्या वरच्या कडेला लागते तिथे नखाने खूण करा आणि मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर गुलाच्या टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. एकाच जागी मोजून थांबू नका. आतली बाजू, मधला भाग आणि बाहेरची बाजू अशा तीन ठिकाणी मोजा. आतल्या बाजूची झीज उभ्याने दिसत नाही, आणि अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचा टायर नेमका तिथेच गेलेला असतो.

आकड्यांचा अर्थ असा. नव्या मोटारीच्या टायरची नक्षी ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. मोटारीसाठी कायद्याची हद्द १.६ मिलिमीटर. टायरच्या खाचांत मधून मधून रबराचे छोटे आडवे बांध असतात. त्यांची जागा बाजूवरच्या बारीक त्रिकोणाने किंवा टीडब्ल्यूआय या अक्षरांनी दाखवलेली असते. नक्षी झिजून त्या बांधाच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण कायद्याची हद्द ही अगदी तळाची हद्द आहे. खाच जितकी उथळ, तितकं पाणी बाहेर टाकायची तिची ताकद कमी, आणि ३ मिलिमीटरच्या खाली ही ताकद झपाट्याने घसरते. म्हणून चारचाकीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : मे महिन्यात ३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टायर बदला, ५ च्या वर असेल तर पैसे खिशातच ठेवा, मधे असेल तर पावसाळ्यात महामार्गावर किती जाणार त्यावर ठरवा.

स्कूटर-मोटारसायकलच्या टायरची नक्षी मुळातच कमी खोल असते. तिथे बांधांवर नजर ठेवा, आणि मागच्या टायरचा मधला पट्टा सपाट झालाय का ते बघा. सपाट झालेला टायर सरळ रस्त्यावर ठीक वाटतो, वळताना गाडी कडेवर चढल्यासारखी एकदम कलते. ओल्यात ते नको.

टायरचं वय

दादर-गिरगावात अनेकांची मोटार आठवडाभर सोसायटीच्या आवारात उभी असते आणि रविवारी निघते. अशा गाडीची नक्षी सात वर्षांनंतरही भरपूर दिसते आणि मालक निश्चिंत असतो. पण रबर ऊन, उष्णता आणि हवेने कडक होत जातं. कडक रबर ओल्या रस्त्याच्या बारीक खडबडीवर बसत नाही, वरून सरकतं.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. ही ओळ कधी कधी आतल्या बाजूला असते, तेव्हा वाकून बघावं लागतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या. बाजूला किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, बदला. दहा वर्षांपुढे कोणताही टायर ठेवू नका, स्टेपनीचासुद्धा. नवा टायर घेतानाही हे चार आकडे बघा. दुकानात दीड-दोन वर्षं पडून राहिलेला टायर सवलतीत मिळतो आणि त्या सवलतीचं कारण बिलावर छापलेलं नसतं.

पैसे घालायचे तर कुठे

नवा टायर घ्यायचं ठरलं की बाजूवरच्या खुणा वाचा. मोटारीच्या अनेक टायरांवर ट्रॅक्शन या शब्दापुढे एए, ए, बी किंवा सी अशी अक्षरं असतात. ओल्या डांबरावर आणि ओल्या काँक्रीटवर टायर किती पकड देतो याची ती श्रेणी आहे, एए सगळ्यात वरची. त्याच्याच जवळ ट्रेडवेअरचा आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर टिकाऊ, आणि बहुतेक वेळा रबर तितकं कडक. मुंबईत वर्षाला कमी किलोमीटर चालवणाऱ्याने टिकाऊपणापेक्षा पकड निवडावी. कमी चालणारा टायर झिजण्याआधी वयानेच बाद होतो, मग टिकाऊपणाचे जादा पैसे कशाला? काही टायरांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारेही दिसतील. ते इंधनबचतीचे आहेत, पकडीचे नव्हेत.

ओल्या रस्त्यावरच्या पकडीची किमान पातळी मोटार, बस आणि ट्रकच्या टायरांसाठी एआयएस-१४२ या मानकात ठरवलेली आहे. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, गाडीच्या मूळ मापाचा साधा टायर हा पावसासाठीही धड पर्याय असतो. 'पावसाळी' हा शब्द जाहिरातीत आहे की टायरच्या श्रेणीत, एवढं बघून घ्या.

रुंद टायर पावसात उलट काम करतो. तेवढंच वजन जास्त जागेवर पसरतं, टायरच्या पुढ्यात जास्त पाणी येतं, आणि तो लवकर तरंगतो. बुलेट-पल्सरला शोभेसाठी लावलेला जाड मागचा टायर वळणावर गाडीचा स्वभावही बदलतो. मूळ मापच ठेवा.

दुचाकीला दोन्ही टायरांचा विचार एकत्र करा. मागचा टायर आधी झिजतो म्हणून तोच बदलायची पद्धत आहे, आणि पुढचा वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, गाडी थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं, आणि पुढचं चाक घसरलं तर सावरायला संधी मिळत नाही. चारचाकीत दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. मागची चाकं आधी घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं सराईतालाही अवघड जातं.

दोन गोष्टींपासून लांब राहा. एक, झिजलेल्या टायरमध्ये तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा कापून देणं. काही ट्रकच्या टायरांत त्यासाठी जास्तीचा रबराचा थर ठेवलेला असतो, मोटारीच्या आणि दुचाकीच्या टायरांत तो नसतो. खाच कापताना पातं आतल्या धाग्यांच्या थरापर्यंत पोचतं आणि टायर भर वेगात फुटू शकतो. दोन, कुर्ल्याच्या बाजारातले जुने टायर. काळं पॉलिश मारलेल्या टायरचं वय आणि आतली जखम बाहेरून कळत नाही.

गिरगाव ते दादर, निसरड्या जागा

शहरात टायरपेक्षा रस्ता वाचणं जास्त कामाला येतं. पेव्हर ब्लॉक पावसात शेवाळतात आणि खचून मधे खड्डे पडतात. खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा, मॅनहोलची झाकणं आणि उड्डाणपुलांच्या सांध्यांतल्या लोखंडी पट्ट्या भिजल्या की त्यांवर पकड जवळजवळ शून्य. झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे आणि थांबण्याची रेषा यांचंही तसंच. यांवरून जाताना गाडी सरळ आणि उभी ठेवा, त्यांवर ब्रेक मारू नका, वळू नका. ब्रेक मारायचा तो आधीच. गिरगावच्या गल्ल्यांत पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून निघताना हे विशेष लक्षात असू द्या, कारण तिथे झाकणं बरोबर वळणाच्या तोंडाशी येतात.

१२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. त्याखालच्या गाड्यांत दोन्ही ब्रेक जोडणारी सीबीएस व्यवस्था पुरेशी मानली गेली. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण तेलकट लोखंडावर नसलेली पकड ते आणून देत नाही. बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, हेही ठाऊक असावं.

आता साचलेलं पाणी. हिंदमाता आजूबाजूच्या भागापेक्षा सखल आहे. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाण्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही आणि ते तिथे जमतं. पालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधल्या, आणि हिंदमाता व परळ या उड्डाणपुलांमधला रस्ता उंच केला. पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरतं, तरी मोठ्या पावसात खालच्या रस्त्यावर भरवसा नको. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. ती यादी फोनमध्ये ठेवा आणि त्या वेळा टाळून निघा.

पाण्याखाली काय आहे ते दिसत नसेल तर गाडी घालू नका. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत एका दिवसात ३३० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. त्या दिवशी पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून घरी चालत निघाले होते आणि प्रभादेवी परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून त्यांचा मृत्यू झाला. दुचाकीवाल्यासाठी असं झाकण उघडं असणं म्हणजे तेच संकट.

चारचाकीत पाणी चाकाच्या निम्म्याला आलं की मागे फिरा. गाडी पाण्यात बंद पडली तर ती पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत या नुकसानीचे पैसे सहसा मिळत नाहीत, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट'चं जोडकव्हर लागतं. सखल भागात गाडी उभी राहत असेल तर टायरच्या जादा खर्चापेक्षा हे कव्हर आधी घ्या.

गणपतीला गावी जाणाऱ्यांसाठी

लालबाग-परळ-गिरगावच्या निम्म्या गाड्यांची वर्षातली सगळ्यात लांब सफर भाद्रपदात असते, तीही पावसात, पाच माणसं आणि सामान घेऊन. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर नवं काँक्रीट, जुनं डांबर, वळणमार्ग आणि खड्डे एकामागून एक येतात. वर्षभर शहरात चाललेला टायर इथे खऱ्या परीक्षेला बसतो. निघण्याआधीच्या आठवड्यात चारही टायर आणि स्टेपनी तपासा, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने सांगितलेली वाढीव हवा भरा, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या, जॅक आणि पाना गाडीत आहेत का ते बघा. खड्ड्यात जोरात आपटल्यावर टायरच्या बाजूला फुगवटा आलाय का ते पुढच्या चहाच्या टपरीवर उतरून बघा. फुगवटा म्हणजे आतले धागे तुटलेत. तो टायर काढून स्टेपनी लावा, 'गावाला पोचून बघू' म्हणू नका. पाऊस असताना पंक्चरही जास्त होतात, कारण ओलं रबर काचेने आणि खिळ्याने सहज कापलं जातं. ट्यूबलेस टायरला पट्टी घालून काम भागतं, मात्र छिद्र बाजूच्या भिंतीत असेल तर दुरुस्ती करू नका.

आणि बर्फाचं काय?

खिळ्यांच्या टायरचा प्रश्न आपल्याकडे दोन घरांत येतो. पहिलं घर, हिवाळ्यात मनालीकडे स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांचं. तिथे चार दिवसांसाठी टायर बदलू नका. चाकाच्या मापाच्या बर्फाच्या साखळ्या सोबत ठेवा, ताज्या बर्फावर त्या लावून हळू चालवा आणि कोरड्या रस्त्याला लागलात की काढा. शक्य असेल तर त्या टप्प्यापुरती स्थानिक चालकाची गाडी घ्या.

दुसरं घर, मुलगा-मुलगी कॅनडात असलेल्यांचं. तिथे हिवाळी टायर ही चैन नाही. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च ते सक्तीचे आहेत. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असते. खिळ्यांचा टायर ही त्यापुढची पायरी. टोरांटोसह दक्षिण ओंटारियोत त्याला परवानगीच नाही, उत्तरेकडे आहे. साफ केलेल्या शहरी रस्त्यांवर चालवणाऱ्याला बिनखिळ्यांचा हिवाळी टायर पुरतो. गोठलेल्या, न खरवडलेल्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने खिळ्यांचा विचार करावा.

कोणी काय करावं

रोज लालबागहून फोर्टला स्कूटर नेणाऱ्याने हवा, पुढचा टायर आणि ब्रेक या तीन गोष्टींवर पैसे आणि लक्ष द्यावं. रविवारी गाडी काढणाऱ्याने टायरचं वय बघावं. पुणे-कोकण वरचेवर करणाऱ्याने नक्षी ३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये आणि चांगल्या श्रेणीचा टायर घ्यावा. मातीच्या रस्त्याचं गाव रोजचंच असेल त्यानेच बटण टायर घ्यावा.

टायर बदलायचेच ठरले तर जूनची वाट बघू नका. नव्या टायरवर साच्यातून निघतानाचा गुळगुळीत थर असतो. तो झिजेपर्यंत, म्हणजे पहिले शे-दीडशे किलोमीटर, नवा टायरही घसरतो. मे महिन्यात बसवले तर तेवढं अंतर कोरड्या रस्त्यावर सहज होऊन जातं. पहिल्या पावसात ते पुरे करायला निघू नका.